जीभ चावायची शिकवणी

आयुष्यात मी सगळ्यात जास्त मेहनत कशावर घेतली असेल, तर ती एका अक्षरावर. तेही धड अक्षर नाही, नुसता वारा. इंग्रजीत 'मदर' म्हणताना मधे येतो तो आपला द नव्हे. जिभेचं टोक दातांच्या मधे जरासं बाहेर काढायचं आणि त्याच्यावरून हवा सोडायची, एवढंच. त्या एवढ्याशानं मला दोन महिने एका जागी बसू दिलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. वाशीमजवळच्या रिठदला आम्ही दोघीच राहायचो, मी आणि सासू. नवरा तापानं गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. एकोणिसावं लागलं आणि माझ्या भावानं माझा पाट लावायचा, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायचा, घाट घातला. माणूस चाळिशीचा, पहिली बायको गेलेली, पदरात चार पोरं. दर बाजाराच्या दिवशी भाऊ येई आणि त्याच्या शेताचं, बैलांचं कौतुक सांगून जाई. सासू गप्प ऐकायची आणि तो गेल्यावर भांडी आपटायची. आम्हा दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही, सवय होती.

शाळेतल्या गुरुजींच्या घरी मी दळणाला जात असे. मी चौथी पास आहे हे त्यांना ठाऊक होतं. एकदा ते म्हणाले, अमरावतीला बायकांना सुइणीचं काम शिकवतात, राहायची-जेवायची सोय आहे. गोरी डॉक्टरीणबाई दोन महिन्यांनी वाशीमला बायका निवडायला येणार आहे. तिच्यापुढे चार वाक्यं इंग्रजीत बोलता आली पाहिजेत आणि घरच्या मोठ्या माणसानं समोर येऊन हो म्हटलं पाहिजे. मी कुणाला न विचारता तिथल्या तिथे हो म्हणून बसले. पाट चुकवायला मला दुसरा रस्ताच नव्हता.

पण तो वारा! आई, जन्म, श्वास, मरण, बाळंतपणात जे जे म्हणून लागतं त्या प्रत्येक इंग्रजी शब्दात तो मेला बसलेला. गुरुजींचे वरचे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे ते 'मदर' म्हणाले की बारीक शिट्टी वाजे आणि आत त्यांची बायको हसे. "मी म्हणतो तसं म्हणू नकोस, मी सांगतो तसं कर," ते चिडून सांगत. मग मी करत सुटले. शेतात निंदताना, धुऱ्याच्या बांधावरून येताना, विहिरीवर, चुलीपुढे. जीभ बाहेर, जीभ आत.

आता आपल्याकडे बाई जीभ चावते ती कधी? भलतंच काही तोंडातून निसटलं की. सासूनं मला पहिल्यांदा पकडलं तेव्हा मी भाकरी थापत होते.

"काय बोल्ली?"

"काही नाही, आत्याबाई."

"मंग जीभ काहून चावली?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ती माझ्या तोंडाकडे बघत जेवायला लागली. चौथ्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं. "माह्यापासून काय लपवून राह्यली तू? भावाले शब्द देऊन बसली न पाटाचा?"

माझं डोकं फिरलं. "जीभ माही हाय! चावीन नाई तं तोडून फेकीन!" असं ओरडले आणि पुढच्याच क्षणी खरोखरची जीभ चावली. मग सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. "म्हंजे जाशीनच," ती म्हणाली. "अथून नाई तं तथून. पाटानं नाई तं शिकाले." त्यानंतर ती माझ्याशी बोलेना.

ठरल्या दिवशी मात्र धुतलेलं लुगडं नेसून ती गाडीत येऊन बसली. हो म्हणणार की नाही म्हणणार, काही सांगेना. तिचा मला राग येत होता आणि तिच्याशिवाय चालणारही नव्हतं.

दवाखान्याच्या ओसरीत डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. सासू माझ्या शेजारीच उभी. मी तोंड उघडलं, पण सासूदेखत जीभ काही बाहेर येईना. 'मदर' म्हणाले ते आपल्या दगडी द-चं. बाईंनी स्वतः म्हणून दाखवलं. मी पुन्हा द. त्यांनी हातातल्या कागदावर पुढचं नाव शोधायला सुरुवात केली.

सासू मघापासून बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. एकदम तिनं मला कोपरानं ढोसलं. "ते बी चावते व! काढ न जीभ! घरी तं दिवसभर चावत राह्यते!"

मी जीभ काढली. वारा सुटला, अगदी हवा तसा. बाई हसल्या आणि हिला पाठवाल का, असं त्यांनी कंपाउंडरकडून सासूला विचारलं.

"घेऊन जा म्हना," सासू म्हणाली. "बाई चांगली हाय. घडी घडी जीभ चावते, म्हंजे चुकलेलं समजते तिले."

पंधरा दिवसांनी ती मला अमरावतीच्या मोटारीपर्यंत पोचवायला आली. मी उगाच गाठोडं सोडत होते, बांधत होते. भोंगा वाजला तशी तिनं मला पाठीत हात घालून ढकललं. "जाय, जाय लवकर, सुटली मोटार!"

निघालेल्या माणसाला आपल्याकडे कुणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. शब्द निसटला आणि तिची जीभ दातांत आली. जेवढी हवी तेवढीच, जिथं हवी तिथंच.

"येतो, आत्याबाई!" मी ओरडले. मोटार निघाली होती. ती तशीच जीभ दातांत धरून धुळीत उभी होती.

वाटेतलं कारंजा येईपर्यंत मी 'मदर, मदर' घोकत बसले. माझी निवड होऊन पंधरा दिवस झाले होते, घोकायची काही गरज नव्हती.