मामांनी जपलेले पॅनेल

आमच्या मामांना वस्तू वापरण्यापेक्षा जपण्याचाच नाद. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक दहा वर्षं तसंच आहे. खाली कुठलं बटण आहे ते फक्त त्यांच्या अंगठ्याला ठाऊक. त्यामुळे शेतातल्या पंपासाठी सोलर पॅनेल बसले, तेव्हाच मला धडकी भरली होती.

मामांनी ते पहिल्यांदा पुसले अगदी नियमाप्रमाणे. सकाळी काचा थंड असताना, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. साबण नाही, घासणी नाही. आणि त्याच दिवशी पंप बंद पडला. "शुद्ध फसवणूक आहे!" म्हणत मामांनी मेकॅनिकला फोनवरच फैलावर घेतलं. बिचारा भर उन्हात धावत आला. बघतो तर काय, आठही पॅनेलवर मामीच्या जाड चादरी, दोरीने करकचून बांधलेल्या.

"काका, हे काय?"

"एवढे घासूनपुसून ठेवलेत, परत धूळ बसायला नको!"

मेकॅनिकने कपाळावर हात मारला आणि चादरी सोडल्या. पंप लगेच सुरू झाला, पाणी धो धो वाहू लागलं. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. उघड्या पॅनेलकडे बघून ते हळहळले, "आता रोजच्या रोज ऊन लागून खराब होणार बघा!"