भिवाच्या ट्रॉलीला रिक्षाचा गिअर

लाकूड कापायच्या धंद्यात भुसा आणि किस्से, दोन्ही फुकट मिळतात. भुसा निदान बंबात जाळता येतो. किस्से साठतच राहतात. परवा गंगापूर रोडवर एका फर्निचरच्या दुकानापाशी ताज्या लाकडाचा वास आला आणि मी उगाचच आत शिरलो. "काय दाखवू काका?" दुकानातल्या पोरीने विचारलं. तिला काय सांगणार!

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. आमची सॉ मिल चाकांवर होती. जुन्या ट्रेलरवर पट्टा करवत, शेजारी डिझेल इंजिन. ट्रॅक्टरला जोडून गावोगाव न्यायची. मालकीण वहिनी. करवतीवर युसूफचाचा, इंजिनावर मी, आणि रुळांवरची ट्रॉली ढकलायला भिवा सोनवणे. ट्रॉलीवर ओंडका बांधायचा आणि भिवाने तो हातांनी, सावकाश, करवतीत घालायचा. दिवसभर.

* * *

एकदा चांगला सरळ आंबा कापताना भिवा मध्येच थांबला.

"काय झालं रे?" चाचा ओरडले.

"आत काहीतरी हाय."

ट्रॉली मागे घेऊन लाकूड फोडलं. आत बोटभर खिळा! साल कधीच त्याच्यावरून वाढून गेली होती. पुढे गेलो असतो तर पातं तुटून कुणाच्या तरी अंगावर आलं असतं.

"तुला दिसलं कसं?"

"दिसलं नाय चाचा. हाताला लागलं."

* * *

मग भिवाचा खांदा गेला. त्याने आम्हाला कळू दिलं नाही. कळवणला बघतो तर गडी ट्रॉलीला पाठ लावून, उलटा चालत ढकलतोय!

वहिनी म्हणाल्या, "भिवा, आता बस झालं. तू आपल्या वखारीत बसून पावत्या फाड."

भिवा जेवणाचा डबा तसाच घरी घेऊन गेला. दोन दिवस तसंच.

तिसऱ्या दिवशी चाचा वहिनींकडे गेले. "बाई, आदमी मत बदलो. ट्रॉलीला मशीन लावू."

वहिनींनी विचारलं, "जमेल?"

"नहीं जमला तर मलाही पावत्या फाडायला बसवा!"

* * *

भंगारातून रिक्षाचा गिअरबॉक्स आणला. इंजिनावरून त्याला बेल्ट दिला, गिअरबॉक्सवर ड्रम, ड्रमवर तारेचा दोर, दोराने ट्रॉली पुढे-मागे. उद्घाटनाला एका गावच्या सरपंचांना, करवत बंद ठेवून, रिकाम्या ट्रॉलीवर बसवलं. नारळ फुटला. मी गिअर टाकला. ट्रॉली निघाली... आणि क्लचचा दांडा अडकला!

मी इंजिन बंद करेपर्यंत रूळ संपले, टोकाची अडवायची खुंटी उपटली आणि सरपंच ट्रॉलीसकट कांद्याच्या वाफ्यात. सरपंच उठले, टोपी झटकली आणि म्हणाले,

"हात केला तरी थांबली नाय. रिक्षाच हाय ही!"

* * *

दांडा नीट केला, पण कळवणला फळ्या वाकड्या निघायला लागल्या. गाठ आली तरी ट्रॉली त्याच जोरात पुढे! पातं वळायचं. गिऱ्हाईकाने फळी डोळ्यांपुढे धरली.

"भाऊ, हाई फळी शे का पत्रा शे?"

चाचा खाली मान घालून उभे. तेवढ्यात भिवाने मला बाजूला केलं आणि क्लचचा दांडा स्वतः धरला. गाठ आली की जरा सोडायचा, मऊ लागलं की जरा दाबायचा. पुढची फळी आरशासारखी निघाली.

वहिनींना निरोप गेला : पावत्या फाडायला दुसरं कुणीतरी बघा.

* * *

तरी भिवाची एक खोड गेली नाही. दांड्याला त्याने लांब दोरी बांधून घेतली आणि ती हातात धरून ओंडक्याबरोबर चालत राहायचा. एक हात दोरीवर, एक लाकडावर.

"अरे, तो आता आपोआप जातो!" चाचा म्हणाले.

"जातो की. पन एकटा जातो ना."

तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. आता चाचा नाहीत, भिवा नाही. त्या वाक्याला आता मला हसू येत नाही.

* * *

नांदगावकडे एका म्हातारीचा कडुनिंब कापायचा होता. अंगणातलाच, वादळात पडलेला. घरात ती एकटीच. ओंडका ट्रॉलीवर चढवला तशी तिने विचारलं, "किती टाइम लागंल?"

मी ऐटीत म्हणालो, "मावशी, आता गिअर आहे. तुमचा चहा उकळायच्या आत!"

"मग नको. सावकाश करा."

भिवाने माझ्याकडे बघितलं आणि गिअरबॉक्सचा बेल्ट उतरवायची खूण केली. त्याचा खांदा चालणार नव्हता, म्हणून दुसऱ्या बाजूने मी लागलो. हातांनी, इंच इंच. म्हातारी समोर बसून होती. शेवटची फळी पडेपर्यंत हलली नाही.

फळ्या लांब हव्यात, एवढंच तिने सांगितलं होतं. निघताना चाचांनी विचारलं, "मावशी, काय बनवणार?"

"दार."

चाचांनी घराकडे पाहिलं. "दार तर चांगलं आहे की!"

"हाय. पन पोरगा घर सोडून गेला तवा एवढासा व्हता," तिने हात कमरेशी धरला. "आता आला तर वाकावं लागंल त्याला."