चिमाबाईचा जन्म

गोदावरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सगळ्यात सुरेख इतिहास कुणी लिहीत असेल तर ते माझे थोरले साडू, आणि सगळ्यात चुकीचा कुणी लिहीत असेल तर तेही तेच. गंगाखेडला त्यांचं औषधांचं दुकान आहे. तिथे गल्ल्यामागे बसलेला माणूस निराळा. पाकिटावरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय ते कुणाच्या हातावर गोळी ठेवत नाहीत; डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर गिऱ्हाइकाला सरळ परत दवाखान्यात धाडतात. पण दुपारी दुकानात सामसूम झाली, की मोबाइल घेऊन ते गावच्या ग्रुपवर इतिहास लिहायला बसतात आणि मग त्यांना आवरणारं कुणी नसतं. त्यांचा प्रत्येक सरदार विजेसारखा येतो, प्रत्येक पहाट रक्तवर्णी असते आणि प्रत्येक घोडा पांढरा. एकदा मी भीतभीत विचारलं, "साडूभाऊ, घोडा पांढराच होता हे कशावरून?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "काळा लिवून बघितला, पाव्हणे. वाक्य अडखळायलंय." मेहुणीनं तर हातच टेकलेत. लग्नाच्या वाढदिवशी त्यांनी जो लेख लिहिला, त्यात ती सनईच्या सुरात मेण्यातून उतरली. खरं तर ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली होती आणि वाटेत टायर बसलं होतं.

राणीसावरगावच्या वाटेवर त्यांचं मूळ गाव आहे. तिथल्या जुन्या विहिरीवर लिहिताना त्यांना शेवट सुचेना. म्हणून त्यांनी चिमाबाई नावाची एक पोर जन्माला घातली. गाव लुटायला आलेले घोडेस्वार तहानेनं व्याकूळ होऊन विहिरीवर आले, तेव्हा तिनं म्हणे मोटेचा दोर कापला. पाण्यावाचून फौज पुढे निघून गेली आणि गाव वाचलं. लेख वाचून मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

पुढे गावच्या शाळेनं स्नेहसंमेलनात त्याचं नाटुकलं बसवलं आणि प्रमुख पाहुणे म्हणून साडूभाऊंनाच बोलावलं. सोबत मी होतो. हिरवं लुगडं नेसलेल्या चौथीतल्या मुलीनं दोर कापला तशा मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावून रडू लागल्या. शेजारी बसलेल्या साडूभाऊंना घाम फुटला. "हे लय झालं," ते पुटपुटले. भाषणाला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला म्हणाले, "चिमाबाई झालीच न्हाई. मी लिवताना केली ती. माफ करा."

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली. "तुमी लिवलं म्हणून तुमालाच म्हाईत हाय का? माझी सासू सांगायची तिची गोष्ट!"

टाळ्या पडल्या, त्या म्हातारीला. साडूभाऊ परत येऊन बसले आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

त्यांनी ग्रुपवर खुलासा टाकला. आयुष्यातला त्यांचा पहिलाच साधा लेख. एकही घोडा नाही. लोकांनी न वाचताच नमस्कार टाकले. महिनाभरात विहिरीच्या दगडावर शेंदरानं नाव उमटलं : चिमाबाई. तेव्हापासून ते दहा जणांना विचारल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत. 'असं म्हणतात, खात्री नाही' असं दर दोन ओळींआड येतं. त्यांची वाक्यं आता खरी असतात आणि जरा लंगडत चालतात. मला मात्र अधूनमधून त्या रक्तवर्णी पहाटेची आठवण येते.

यंदा दिवाळीत आम्ही दोघं त्या विहिरीवर गेलो. दगडापाशी कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या होत्या. एक पणती वाऱ्यानं कलंडली होती. साडूभाऊंनी चपला काढल्या आणि दगडावरचा लिंबाचा वाळका पाला हातानं झाडू लागले.

"इथं आपण दोघंच आहोत," मी म्हणालो. "नाव पुसून टाकायचं का?"

त्यांनी मान हलवली आणि पणती सरळ करून ठेवली.

"नको, पाव्हणे. तिला तसं कुणीच न्हाई. आई-बाप लिवायचे राहून गेले बघा माझ्याकडनं."