पेण ते रोहा, मधे कुणी नाही

पेणच्या रामवाडीत घरी बसून मी एक छोटं सॉफ्टवेअर लिहितो. एका संगणकावरची फाईल थेट दुसऱ्या संगणकावर जाते, मधे कुठल्या कंपनीकडे साठत नाही, एवढंच त्याचं काम. ते फुकट आहे आणि त्याचा कोड कुणीही बघावा, बदलावा. कधी न भेटलेली, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्यात चुका काढतात, वाद घालतात, आणि मला त्यात फार सुख वाटतं. पोटापाण्याचं काम वेगळं आहे. बायको म्हणते, तेही कधीतरी करत जा.

पण आमच्या पेणमध्ये ते कुणी वापरत नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या काकी. त्यांचा गणपतींचा कारखाना आहे आणि तिथल्या प्रत्येक मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्या स्वतः करायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर उतरतेय, या हंगामानंतर बारीक काम बंद. त्याआधी ही आखणी शिकवायची होती ती रोह्याला दिलेल्या लेकीला. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे तिला घर सोडता येईना. मोबाईलवरून पाठवलेल्या व्हिडिओत पापणीची रेघच पुसट व्हायची, म्हणजे शिकायचं तेच नेमकं गायब. आणि इंटरनेटवर कुठे चढवून ठेवायला काकी तयार नव्हत्या.

"मधे कुणाकडं ऱ्हाणार नाय ना?" त्यांनी मला तीनदा विचारलं.

"नाय काकी. तुमच्याकडनं निघेल ते थेट तिच्याकडं."

"तू तुझं सगळं जगाला उघडं ठेवतोस, नि माझं झाकतोस. बरा हायस."

बायको म्हणाली, पेनड्राईव्ह खिशात टाका नि गाडीने नेऊन द्या. मी म्हटलं, एकदा नेईन. लेकीने आखलेले डोळे बघून काकी रोज चुका सांगणार, तर रोज कोण जाणार? हे खरं होतं. स्वतःचं सॉफ्टवेअर असताना पेनड्राईव्ह नेणं मला कमीपणाचं वाटलं, हेही खरं.

काकींच्या हाताचा दोन तासांचा व्हिडिओ काढला. फाईल अवाढव्य, कारखान्यातलं नेट रडतखडत चालणारं. काकी सकाळी बटण दाबायच्या, दिवसभर आकडा चढायचा. संध्याकाळी लेकीचा फोन यायचा, चाळीस टक्के झाले. दुसऱ्या सकाळी पुन्हा शून्य. आठवडा असा गेला. मी कोड पिंजून काढला, रोह्याच्या नेटला शिव्या घातल्या, परदेशातल्या एका सोबत्याला कामाला लावलं. हंगाम जवळ येत होता आणि काकी रोज सकाळी न चुकता बटण दाबत होत्या, त्याचीच जास्त लाज वाटत होती.

शेवटी एकदा कारखाना बंद व्हायच्या वेळी जाऊन उभा राहिलो. काकींनी रंगाचे डबे झाकले, संगणकाला नमस्कार केला आणि मेन स्विच खाली ओढला. पेंढा, थिनर, लाकूड अशा सगळ्या पेट घेणाऱ्या वस्तू. शेवटी निघणाऱ्याने मेन बंद करायचा, हा तिथला पिढ्यांचा नेम.

"काकी, मेन बंद केल्यावर फाईल जाणार कशी?"

"बटण दाबलं ना मी? पत्र पेटीत टाकलं की आपण पेटी धरून बसतो काय?"

काकींचं बरोबर होतं. नेट तुटलं तर पुढे चालू ठेवायची सोय मी केली होती. पण पाठवणारा संगणकच धाडकन बंद झाला, तर कुठवर पोचलो ती नोंद पुसली जायची. परदेशातला सोबती म्हणाला, वापरणाऱ्याला संगणक चालू ठेवायला सांगा. मी लिहिलं, आमच्याकडे मेन बंद होतो आणि होणारच. चार दिवसांत ती नोंद जपणारी दुरुस्ती केली. मेन रोज बंद झाला, फाईल रोज थांबल्या जागेवरून निघाली आणि तिसऱ्या दिवशी रोह्याला पोचली. मी बायकोसमोर इतका मिरवलो की तिने चहाच दिला नाही.

मग लेकीने आखलेल्या डोळ्यांचे मोठमोठे फोटो रोह्याहून येऊ लागले. काकी चुका सांगत, ती पुन्हा आखत असे. एका दुपारी काकींनी आलेला फोटो पडदाभर मोठा केला आणि नाक टेकेपर्यंत जवळ गेल्या.

"हा डोळा माझा नाय," त्या म्हणाल्या.

"माझी उजवी पापणी जरा पडते. इतकी वर्सं पडते, कुणी बोललं नाय. हिची बघ. पडत नाय."

त्यांनी डब्यातला, आजवर कुणाच्या हाती न दिलेला आपला आखणीचा कुंचला काढला, धुतला, पदराला पुसला, चिमटीत धरून त्याचं टोक नीट केलं.

"हा जाईल काय तुझ्यातनं?"

"नाय काकी."

दुसऱ्या दिवशी मी रोह्याची गाडी पकडली. कुंचला शर्टाच्या खिशात होता, टोक वर करून. लेकीने हसत दार उघडलं, या म्हणाली, आणि तिची नजर खिशाकडे गेली. "आईनं कुंचला सोडला?" म्हणत तिने दोन्ही हात पदराला पुसले आणि पुढे केले.