कळसच्या बाजारातली चिंच

"तक्रार लिंबाची आहे, आणि तुम्ही चिंच तोडायची म्हणता?" डेप्युटी इंजिनियरसाहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "होय."

तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि मी बारामतीला रस्त्यांकडचा ओव्हरसियर होतो. इंदापूर तालुक्यातल्या कळसला रस्त्याच्या कडेने दोन मोठी झाडं होती. एक कडुलिंब, रस्त्यावर चांगलाच कललेला. दुसरी चिंच, सरळसोट, हिरवीगार. आठवड्याचा बाजार चिंचेखाली भरायचा. एस.टी.चे ड्रायव्हर लिंबाला भ्यायचे. चिंचेला कुणीच भीत नव्हतं.

कललेलं झाड धोक्याचंच असतं असं नाही. लिंबाचा शेंडा वळून वर गेला होता. म्हणजे तो लहानपणीच कलला होता आणि पुढं तसाच वाढला होता. मागच्या बाजूची जमीन फुगलेली नव्हती, तडा नव्हता. चिंचेचं उलट होतं. रस्ता रुंद करताना तिची एका बाजूची मुळं तुटली होती. बुंध्याशी बुरशीचे कडक थर आले होते. लाकडी ठोकळ्याने ठोकलं तर ढबढब वाजायचं. मुळाशी पहार लावली, ती सहज आत गेली.

"पण पडत कशी नाही मग?" साहेब म्हणाले.

"जमीन वाळलेली आहे, साहेब. काळी माती आत्ता दगडासारखी धरते. वळवाने भिजली की सोडते. वर पाला भरलेला, त्यात वारं. वळवाच्या आधी काढायला हवी."

साहेबांनी लिंब तोडायला सांगितला. तक्रार त्याची होती.

लिंब तोडला. आतून लोखंडासारखा निघाला. गँगच्या दोन करवती बोथट झाल्या. साहेबांनी येऊन बुंधा पाहिला. मग चिंचेखाली जाऊन स्वतः पहार घातली. पहार आत गेली ती बाहेर येईना. "काढा ही," म्हणाले. पहार की चिंच, ते सांगितलं नाही. मी चिंच धरून चाललो.

पण गावातले तात्या आडवे आले. चिंचेसमोर, रस्त्यापलीकडं त्यांचं चहाचं दुकान होतं.

"ओव्हरसियर, हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावता व्हय? माझ्या आज्याच्या वक्तापासून हाय ती."

"तात्या, आतून पोकळ आहे."

"आतून तर आमी बी पोकळ हाय. म्हणून काय तोडता?"

गाव हसलं आणि काम थांबलं. गँग दुसऱ्या कामावर गेली. तोवर चिंचेखाली कुणी बसू नये म्हणून मी चुना लावलेले दगड भोवती मांडून घेतले. पुढच्या बाजाराला लोक त्या दगडांवर बसले.

त्यानंतरच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो. दुपारी पश्चिमेला आभाळ काळं झालं. धूळ उठली, टपोरे थेंब पडायला लागले. माणसं बाहेर पळण्याऐवजी आडोशाला चिंचेखाली जमली. मी ओरडत सुटलो. तात्यांच्या दुकानाकडे हात करून लोकांना हाकललं. एक सोडून सगळे गेले. काटेवाडीची भागूबाई हलेना. तिच्यापुढं वांग्यांची पाटी होती.

"मावशी, उठा!"

"उठून जाऊ कुठं? माल भिजंल न्हाय का?"

बुंध्यापाशी जमीन वर उचलल्यासारखी झाली आणि परत बसली. ते मी पाहिलं. पुढं समजावत बसलो नाही. तिची पाटी उचलली आणि पळालो.

"आरं चोरा! ठिव माझी पाटी!" भागूबाई लुगड्याचा काष्टा सावरत मागं धावली. हातात तागडी होती. दुकानाच्या पायरीशी तिनं मला गाठलं आणि पाठीत एक ठेवून दिली. तेवढ्यात मागं चिंच आडवी झाली. मोडल्याचा कडकडाट झाला नाही. मुळं अशी नव्हतीच मोडायला.

फांद्या बाजारभर पसरल्या होत्या. खाली कुणी नव्हतं. भागूबाई तिच्या जागेकडं बराच वेळ बघत राहिली. मग खाली बसली आणि पाटीतली वांगी चाचपायला लागली.

तात्यांनी मला चहा दिला. म्हणाले, "तुमी जोर लावायला पायजे हुता, ओव्हरसियर."

नवीन मुलांना मी पुढं एवढंच शिकवलं. झाड कललंय का, हे नंतर बघा. त्याच्याखाली कोण बसतं, ते आधी बघा. आणि माणूस ऐकत नसला, तर त्याचा माल उचला.