सहा बनियनांचं कृष्णविवर

कृष्णविवर मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिलं, आणि ते आमच्या भावोजींच्या बनियनांचं होतं.

आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. (आमच्या बोलण्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याचे पाहुणे आमच्याशी हिंदीत बोलतात.) माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, भौतिकशास्त्रात पहिली यायची. पण आई अंथरुणाला खिळली आणि घरी एकाने थांबणं भाग पडलं. मी मुलगा, म्हणून मी कॉलेजात गेलो आणि अक्का स्वयंपाकघरात. मी त्याच वर्षी नापास झालो, हेही सांगून टाकतो.

पुढे लग्न होऊन अक्का इंदिरानगरला गेली, शिकवण्या घेऊ लागली आणि ग्रंथालयातून आणून आणून ताऱ्यांवरची पुस्तकं वाचत राहिली. चार वर्षांपूर्वी तिने आमच्या मंडळात कृष्णविवरांवर व्याख्यान द्यायचं ठरवलं. आयुष्यातलं पहिलं! अध्यक्ष म्हणाले, "नावात कृष्ण आहे ना? सरी, ठीक आहे, मग गोकुळाष्टमीला ठेवू."

दोन महिने खपून तिने वही भरली. प्रतिकृतीचं काम माझ्याकडे आलं. मीच मागून घेतलं होतं. जुनं ओझं थोडं हलकं होईल असं वाटलं.

"ताणलं जाईल असं कापड हवं," अक्का म्हणाली. "मधे जड वस्तू ठेवली की खळगा पडतो. बाजूने गोटी सोडली की ती आत ओढली जाते. गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, ते दिसतं."

ताणलं जाणारं कापड म्हणजे बनियन! अक्काच्या दोरीवर सहा वाळत होती. मी ती काढली, उसवली, एकमेकांना शिवली आणि जुन्या कॅरमच्या चौकटीवर ताणून बसवली. (भावोजींना विचारायचं राहिलं.) तालमीत काळ्या फडक्यात गुंडाळलेलं दोन किलोचं वजन ठेवलं. खळगा सुरेख पडला. अक्काचे डोळे भरून आले. तिथेच थांबायला हवं होतं!

व्याख्यानाच्या दिवशी केबल टीव्ही सोडून साठ माणसं आली. एवढ्या गर्दीपुढे दोन किलो मला फार कंजूष वाटले. अख्खा तारा कोसळल्यावर उरलेली वस्तू ही, आणि तिचं वजन भाजीवाल्याच्या तराजूतलं? मंडळाच्या स्वयंपाकघरात इडलीचं पीठ वाटायचा रगडा होता. त्याचा दगडी गुंड, म्हणजे आतला गोल वरवंटा, मी उचलला (कमरेतून आवाज आला), काळ्या फडक्यात गुंडाळला आणि टेबलामागे लपवला.

चौकट दोन स्टुलांवर ठेवली होती. खाली सावली आहे असं पाहून कुणीतरी तिथे ताकाचं भलंमोठं पातेलं सरकवलं.

अक्का सुंदर बोलत होती. कापडावर खडूने गोल काढून ती म्हणाली, "ही शेवटची सीमा. हिच्या आत गेलं की प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही."

अध्यक्षांनी हात वर केला. "बेंगळुरूला धोका आहे का?"

"नाही. ते फार लांब आहेत."

"मग शेजारच्या होसकोट्याला?"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून भावोजी उठले. "अहो, त्या कोपऱ्यात धोब्याची खूण आहे! ते माझं बनियन आहे!"

"भावोजी, आत्ता ते अवकाश आहे. बसा!" मी म्हणालो आणि घाईघाईने गुंड आणला.

"हे फुगलं कसं रे?" अक्काने हळूच विचारलं.

"फडकं स्वल्प दुमडलंय, अक्का."

मी गुंड ठेवला. खळगा पडला. वाढला. आणखी वाढला. मग एक लांबलचक टर्रर्र झालं आणि गुंड अवकाश फाडून थेट ताकात!

अक्काची साडी भिजली, वही भिजली, अध्यक्षांच्या चष्म्यावर कढीपत्ता बसला. अक्काने वही झटकून बाजूला ठेवली. मग पदर पिळत शांतपणे म्हणाली, "कृष्णविवर दिसत नाही, मग ते सापडलं कसं? हंस नक्षत्रात एक तारा कुणा अदृश्य सोबत्याभोवती फिरताना दिसला. तो सोबती त्याचा वायू ओरबाडतो, वायू तापतो, क्ष-किरण निघतात. म्हणजे शेजाऱ्याचे हाल बघून ओळखायचं. आता माझे हाल बघा, आणि माझ्या शेजारी कोण उभा आहे ते बघा."

सभागृह हसून लोळलं आणि जेवायला उठलं. तारा कधी कोसळतो, याची तिने स्वतः मांडलेली आकडेमोड वहीतच राहिली.

घरी जाताना ती भावोजींवर चिडली. "वर्षानुवर्षं तीच बनियनं! विरली होती सगळी!"

"हो ना," मी म्हणालो. "विरलीच होती."

हे माझं पाप. भावोजी तेव्हापासून दर दिवाळीला ओशाळून नवी बनियनं घेतात. गेल्या रविवारी मला ते सहन झालं नाही. मी अक्काला सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," ती वाटाणे सोलत म्हणाली. "ताकातून गुंड मीच बाहेर काढला होता."

"मग बोलली का नाहीस? भावोजींवर का चिडलीस?"

"तुझ्यातून कधी प्रकाश बाहेर येतो का, ते बघत होते."

आला! म्हणजे मी कृष्णविवर नाही, हे शास्त्राने सिद्ध झालं. त्याच दिवशी अक्काने नवी वही काढली आणि अध्यक्षांकडून पुढची तारीख घेतली. माझ्याबद्दल शंका आहे ती फक्त भावोजींना. ते म्हणतात, आत गेलेली सहा बनियनं अजून बाहेर आलेली नाहीत.