लॉन्ड्रीतलं इनबुन

हारुकोबाईंनी मला हात दिला नसता, तर अमेरिकेतल्या, ॲन आर्बरच्या पहिल्या हिवाळ्यातच मी घरी परतले असते. हे आधी सांगते, मग बाकीचं. त्या गेल्याला दीड महिना झाला. त्या सोमवारी वसतिगृहाच्या लॉन्ड्रीत कामावर आले, तर त्यांचा एप्रन खुंटीवर तसाच... मॅनेजरबाई म्हणाली, "हारुको इज गॉन."

मी सातवीत शाळा सोडलेली. मराठी मंडळींच्या जेवणात कुणी "तुमचं शिक्षण काय?" विचारलं की मी काकूंना मदत करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळायची. चादरींच्या घड्या घालताना मात्र आईच्या ओव्या गुणगुणायची. एकदा समोरची टोकं धरलेल्या हारुकोबाई थबकल्या. "मंदा-सान, दॅट इज इनबुन!" मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं: साधं लिहिणं ते सानबुन, नाद मोजून बांधलेलं ते इनबुन. म्हणजे आपलं गद्य आणि पद्य. "यू, हेड फुल इनबुन. नॉट स्टुपिड." तेव्हापासून मी जरा ताठ चालते. जेवणाच्या सुट्टीत त्याही वहीत लिहायच्या, मग एकेक बोट मिटत मला वाचून दाखवायच्या. अर्थ कळायचा नाही, पण मोजणी कानात बसली. पाच, सात, पाच, सात, सात.

ती वही जपानला त्यांच्या बहिणीकडे पाठवायची की कचऱ्यात टाकायची, असं मॅनेजरबाई विचारू लागली. मी ती मराठी मंडळींतल्या जोशीकाकांकडे नेली. मोटारकंपनीतले इंजिनिअर, जपानमध्ये चार वर्षं काढलेले. पानं उलटून म्हणाले, "अगं, सगळं सलग लिहिलंय, सिंपल प्रोज. चादरी वाळल्या, बाहेर बर्फ, हात गरम. लॉन्ड्रीचा रिपोर्ट! टाकून दे."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"काका, मोठ्यानं वाचा."

"तुला जपानी कळतं?"

"नाही कळत. तुम्ही वाचा!"

ते वाचत गेले, मी बोटं मिटत गेले. पाच, सात, पाच, सात, सात. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. काकांचा आवाज उतरला... "खरंच की गं."

खरंच की! माझा राग अजून गेलेला नाही. लॉन्ड्रीतल्या बाईनं लिहिलंय म्हणजे रिपोर्टच असणार, हे वाचण्याआधीच ठरलं होतं.

सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून वही मी बहिणीकडे पाठवली, पार्सल स्वतः बांधलं. आता चादरीची पलीकडची टोकं खुंटीला अडकवते आणि एकटीच घडी घालते. गुणगुणताना बोटं आपोआप मिटतात. हारुकोबाई, मी तुमची अक्षरं शिकायला घेतली आहेत. फार हळू जमतंय. पण एक दिवस तुमचं सगळं मराठीत आणीन, बोटांवर मोजून, पद्यातच.